घर जागेवर, पायरी मात्र फिरतीवर

सांगली-मिरजेच्या नव्या वसाहतींतून, किंवा इस्लामपूर-पलूसच्या बाजूला फिरताना बंगल्यांचे रंग आणि गेटवरची नक्षी जरा बाजूला ठेवा आणि दारातल्या पायऱ्या जोत्याला जिथे टेकतात तिथे वाकून पाहा. पुष्कळ ठिकाणी फट दिसेल. कुठे नख जाईल एवढी, कुठे बोट जाईल एवढी. काही ठिकाणी पायऱ्यांचा अख्खा ठोकळाच घराकडे कललेला असतो आणि पावसाचं पाणी अंगणाकडे जायचं सोडून थेट भिंतीच्या बुडाशी उतरतं. घरमालक ती फट सिमेंटने बुजवतो, पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. मग गवंड्याला बोल लावला जातो, सिमेंटला लावला जातो, क्वचित वास्तुशास्त्रालाही. पायऱ्यांच्या खाली काय भरलंय, हे मात्र कुणी उकरून बघत नाही.

बांधकामाचा क्रम आठवून पाहिला तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. घराच्या पायासाठी मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खड्डे घेतले जातात, त्यावर कॉलम उभे राहतात. उरलेल्या खड्ड्यांत तीच निघालेली माती सैलसर ढकलली जाते. पायऱ्यांची पाळी येते सगळ्यात शेवटी, पैसे आणि धीर दोन्ही संपत आलेले असताना. मग त्या भुसभुशीत भरावावर विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, उरलेला राडारोडा टाकून वर काँक्रीट ओततात आणि ग्रॅनाइट चिकटवतात. घर उभं असतं मुरमावर, पायऱ्या उभ्या असतात काळ्या मातीवर. दोघांना एकमेकांशी जोडून टाकलं, तरी दोघांची जमीन एक होत नाही.

काळी माती ही आपल्या बेसॉल्टचीच लेक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. तो खडक झिजून जी माती झाली, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. पत्त्यांच्या कॅटमध्ये बोटं घालून तो सैल करावा, तसं पाणी दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर सारतं. पावसाळ्यात माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण बंगला बांधताना तोच शेतकरी ते विसरतो.

ही फुगणारी माती वर किती जोर लावते, हे पाहण्यासारखं आहे. काळ्या मातीचा फुगण्याचा दाब दर चौरस मीटरला दहा-वीस टन, कधी त्याहूनही जास्त असू शकतो. तीन-चार पायऱ्यांचा भरीव ठोकळा मातीवर टाकतो तो भार चौरस मीटरला टन-सव्वा टनाच्या आसपास. म्हणजे कुस्ती सुरू होण्याआधीच निकाल लागलेला आहे. घर जड असतं आणि खोलवर टेकलेलं असतं म्हणून ते टिकतं. पायरी, कुंपणाची भिंत, अंगणातली फरशी ही हलकी मंडळी आधी उचलली जातात. सांगली जिल्ह्यात कृष्णा-वारणेच्या काठाला, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडच्या खालच्या बाजूला ही माती खोल आहे, म्हणून तिथे हा त्रास जास्त. आटपाडी-जतकडे मुरूम वरच लागतो. तिथल्या पायऱ्यांची दुखणी वेगळी, त्यांच्याकडे पुढे येऊ.

या मातीवर उपाय शोधणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण थोडी चिकण असलेल्या मातीचा जाड, दाबून बसवलेला थर दिला, तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं, आणि ते नुसत्या वरच्या वजनामुळे आवरावं त्यापेक्षा कितीतरी जास्त, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तरासाठी ही पद्धत वापरात आली. आपल्याकडचा चांगला मुरूम नेमका या कामाचा. वाळू त्या मानाने कुचकामी, कारण तिच्यात पाणी साठतं आणि ते आरामात खालच्या काळ्या मातीला मिळत राहतं. दुसरा रस्ता म्हणजे हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन टेकणं. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असलेले खुंट-पाये रूढ केले, ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात. पायऱ्यांसाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही, करूही नये. पण हलणाऱ्या थराची खोली किती असते, हे त्या आकड्यावरून कळतं.

आता थोडं दूर जाऊ. टोरांटोत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला तिथेही हीच फट भेटते. काळी माती नाही, पण हिवाळ्यात जमीन गोठते आणि पायऱ्या वर येतात, वसंतात बर्फ वितळला की खाली बसतात, त्याही वाकड्या. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून हे होतं, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं. अमेरिकेतले भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३०च्या सुमारास एक सुंदर प्रयोग केला. मातीत पाण्याऐवजी त्यांनी बेंझीन घातलं. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे उचलणारी गोष्ट नुसतं फुगणं नव्हे. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून द्रव वर ओढून घेतो आणि बर्फाच्या चकत्या एकावर एक जाड होत जातात. खालून पुरवठा सुरू असेल तोवर हे चालतं. म्हणूनच दक्षिण ओंटारिओत बाहेरच्या पायऱ्यांचा पाया चार फूट, म्हणजे गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात. नाहीतर खाली खडी भरतात, जिच्यातून पाणी वर चढत नाही.

तिकडे बर्फ, इकडे चिकणमाती. पण दोन्हीकडे पायरी उचलणारं मातीत ये-जा करणारं पाणीच आहे. थंड प्रदेशातल्या बांधकामावरचं एवढं मोठं शास्त्र आपल्या कामाचं नाही, असं समजणारे इंजिनिअर मला भेटतात. मला वाटतं ते चुकतात. हलणाऱ्या थराखाली जा किंवा तो थर बदला, पाण्याला दुसरी वाट द्या आणि घर व पायरी यांना एकमेकांच्या गळ्यात बांधू नका, ही तिन्ही सूत्रं सांगलीत जशीच्या तशी लागू पडतात. फरक एवढाच की तिकडे खडी चालते, इकडे मुरूम लागतो.

बर्फ आणि पाऊस यांचं हेच नातं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ वेगळ्या रीतीने दाखवतं. काँक्रीटला कोणत्या हवामानाला तोंड द्यावं लागेल, याचा त्यात एक तक्ता आहे. त्याच्या ‘तीव्र’ या वर्गात जोरदार पाऊस, सतत ओलं-सुकं होणं आणि ओलं असताना अधूनमधून गोठणं हे एकाच ओळीत बसवलेले आहेत. म्हणजे साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरची उघडी पायरी आणि अधूनमधून गोठणाऱ्या एखाद्या हिमालयी गावातली पायरी नियमाच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी. दोघींना एम ३० दर्जाचं काँक्रीट, सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त पाणी नाही आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. सांगली-मिरजेत, जिथे पाऊस त्या मानाने कमी, तिथे एम २५, पाणी ०.५० पट आणि आवरण ३० मिलिमीटर चालतं.

महाबळेश्वरचा विषय निघाला की कुणीतरी वेण्णा तलावाजवळच्या हिमकणांची आठवण काढतंच. थंडीच्या एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताची पाती आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही थंड होतात आणि त्यांवरचं दव गोठतं. हवा मात्र शून्याच्या वर असते. काँक्रीटच्या ठोकळ्यात दिवसाची उष्णता शिल्लक असते, खालून जमिनीचीही मिळते, त्यामुळे हिमकणांनी महाबळेश्वरची पायरी फुटत नाही. तिथे पायरीला खरा धोका चार महिन्यांच्या पावसाचा आणि शेवाळाचा. जिथे काँक्रीट खरोखरच गोठतं, तिथला इलाज मात्र ऐकण्यासारखा आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या रस्त्यांचे काही तुकडे इतरांपेक्षा जास्त टिकतात, असं लक्षात आलं. शोध घेतल्यावर कळलं की त्यांचं सिमेंट दळताना चरबी मिसळली गेली होती आणि तिच्यामुळे काँक्रीटमध्ये अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे राहिले होते. गोठताना ढकललं जाणारं पाणी या बुडबुड्यांत जागा शोधतं. टी. सी. पॉवर्स यांनी पुढे त्याचं गणित मांडलं. बुडबुडे किती, यापेक्षा ते एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचं. अंतर मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून जास्त नको. आयएस ४५६ सुद्धा अशा ठिकाणी २० मिलिमीटर खडीच्या काँक्रीटमध्ये सुमारे ५ टक्के हवा सुचवतं. सातारा-सांगलीत तिची गरज नाही. इथे हवा राहते ती नीट न ठोकल्यामुळे, आणि ती मोठ्या पोकळ्यांची असते. तिचा उपयोग शून्य.

पाण्याचा मुद्दा मात्र दोन्हीकडे सारखाच जिवावरचा. शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये दाखवलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. ५० किलोच्या गोणीला ०.५० प्रमाणाने २५ लिटर पाणी. त्यात ओल्या वाळूतलं पाणीही धरायचं. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी याच्या निम्म्याच्या आसपास पाणी लागतं. वरचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक वाटा ठेवतं. त्याच वाटांनी पाऊस आत शिरतो, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि पायरीची कड ढलप्यांनी उडते. आता नदीची वाळू मिळेनाशी झाल्यामुळे क्रश सँड आली. दगड आपला उत्तम, पण क्रश सँडचे दाणे टोकदार असतात, त्यात भुकटीही असते, त्यामुळे माल ओढायला जड जातो. बिगारी मग डबाभर पाणी वाढवतो. तो डबा अडवायला साइटवर कुणीतरी उभं राहायला हवं.

घोटाईचंही तसंच. काँक्रीटवर पाणी तरंगत असताना वर कोरडं सिमेंट भुरभुरून थापीने चकचकीत करण्याची आपल्याकडे आवड आहे. असा थर खालच्या काँक्रीटशी कधीच एकजीव होत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो. वरचं पाणी आटू द्यावं, लाकडी रंध्याने सारखं करावं आणि शेवटी झाडूचे आडवे ओरखडे मारावेत. दिसायला ओबडधोबड, पण पावसात पाय घसरत नाही. पायरीला बाहेरच्या बाजूला चार-पाच मिलिमीटर ढाळ द्यावा. गुळगुळीत ग्रॅनाइट बाहेरच्या पायरीवर घालणं हा माझ्या मते शुद्ध वेडेपणा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार तरी करावा.

आटपाडी, जत, माण, खटावकडे मातीचा त्रास कमी, पण तिथे ऊन आणि पाणीटंचाई. काँक्रीटवर पाणी मारणं एक-दोन दिवसांत थांबतं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला किंवा कडक उन्हाळ्यात किमान १० दिवस ओलावा हवा. बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसीच असतं. ओलं गोणपाट अंथरून वर प्लास्टिकचा कागद झाकला, तर टँकरच्या पाण्यातही हे जमतं.

आणि महापूर? २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अनेक घरांच्या पायऱ्या कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. मुरलेल्या चांगल्या काँक्रीटचं त्याने काही बिघडत नाही. बिघडतो तो खालचा भराव. पाणी ओसरताना बारीक माती फटींतून वाहून जाते आणि पायरीखाली पोकळी राहते. पुरानंतर हातोड्याने प्रत्येक पायरी ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला, तर वरून गिलावा करण्यात अर्थ नाही.

कृष्णेच्याच काठावर याचा उलटा दाखला आहे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट दरसालच्या पुराला तोंड देत उभा आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारामोटेची विहीर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, तिच्याही पायऱ्या शाबूत आहेत. ताजा बेसॉल्ट पाणी फारसं पीत नाही, सळई नसल्यामुळे गंजाचा प्रश्नच नाही. आज तसे घडीव दगड परवडणार नाहीत आणि घडवणारे हातही कमी झालेत. पण सळईविना भरीव पायऱ्या बांधायला आजही काहीच हरकत नाही, खालचा पाया पक्का असेल तर.

म्हणून यंदा कृष्णाकाठी घर बांधणार असाल, तर पायऱ्यांखालची काळी माती किमान दोन फूट, जमलं तर मीटरभर काढायला लावा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मस करून घ्या. जोतं आणि पायरी यांच्यामध्ये अर्ध्या इंचाचा सांधा ठेवून तो सिमेंटने नव्हे, लवचिक सीलंटने भरा. छताच्या पन्हळीचं पाणी पायऱ्यांपाशी पडू देऊ नका. हे सगळं झाल्याशिवाय सिमेंटची गोणी उघडू नका, आणि ग्रॅनाइटच्या दुकानात तर त्याआधी जाऊच नका.