नॅनीचा पगार : रोख की रीतसर?

अमेरिकेत दोघंही नोकरी करणाऱ्या मराठी घरात बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की नॅनीचा शोध सुरू होतो. तास ठरतात, दर ठरतो, वरणभात किती वाजता भरवायचा तेही ठरतं. पगार कसा द्यायचा हा विषय मात्र ‘सगळेच कॅश देतात’ एवढ्यावर उरकला जातो. अशाच प्रकरणात १९९३ मध्ये झोई बेअर्ड यांचं ॲटर्नी जनरलपद हुकलं होतं. बिल क्लिंटन यांनी त्यांची निवड केली होती. पण त्यांनी घरी कामाला ठेवलेल्या जोडप्याकडे कामाचा परवाना नव्हता आणि त्यांचा सोशल सिक्युरिटी करही वेळेवर भरलेला नव्हता. आपल्याला कोणी ॲटर्नी जनरल करणार नाही, पण कायदा आपल्यालाही तोच आहे.

गैरसमज : ‘आपण काय कंपनी आहोत? घरात एक बाई येते, एवढंच.’
वस्तुस्थिती : आयआरएसच्या लेखी तुम्ही मालक आहात. २०२५ या वर्षात एका व्यक्तीला २,८०० डॉलर किंवा त्याहून जास्त पगार दिला, मग तो नोटांत असो, चेकने असो की झेलने, तर सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के लागू होतात. हे ७.६५ टक्के तिच्या पगारातून कापायचे आणि तेवढेच स्वतः घालायचे. आठवड्याचा पगार ८०० डॉलर असेल तर तिचे ६१ डॉलर २० सेंट आणि तुमचे तितकेच. शनिवारी दोन तास येणारी शेजारची शाळकरी मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल, तर ती सहसा यातून सुटते.

गैरसमज : ‘तिला १०९९ देऊन टाकू, तिचा कर ती भरेल.’
वस्तुस्थिती : १०९९ फॉर्म स्वतंत्र कंत्राटदारासाठी असतो. बाळाला कधी झोपवायचं, काय खायला द्यायचं, टीव्ही लावायचा की नाही, हे तुम्ही ठरवता. काम कसं करायचं हे ज्याच्या हातात, तो मालक. म्हणून नॅनीला नोकरदाराचा डब्ल्यू-२ फॉर्म द्यावा लागतो. करारावर ‘कंत्राटदार’ लिहून घेतलं तरी त्यात फरक पडत नाही.

गैरसमज : ‘महिन्याचा आकडा ठरलाय, मग ओव्हरटाइम कसला?’
वस्तुस्थिती : केंद्रीय कायद्यानुसार नॅनीचा पगार तासावर मोजतात. घरी न राहणाऱ्या नॅनीला आठवड्यात ४० तासांनंतर दीडपट दर द्यावा लागतो. तासाला २० डॉलर असतील तर ४५ तासांचे ९०० नव्हे, ९५० होतात. घरीच राहणाऱ्या नॅनीला केंद्रीय कायदा ओव्हरटाइममधून वगळतो, पण काही राज्यं वगळत नाहीत. न्यू जर्सीत जुलै २०२४ पासून घरकामगारांसाठी स्वतंत्र हक्क कायदा लागू आहे.

गैरसमज : ‘कॅश तिलाच हवी असते, तिचाच फायदा.’
वस्तुस्थिती : हातात चार पैसे जास्त पडतात, पण नोंद कुठेच होत नाही. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोंदलेली नोकरी लागते. तुमच्याकडची पाच वर्षं त्यात धरली जात नाहीत. काम सुटल्यावर ती बेरोजगारी भत्त्याचा अर्ज करते आणि मालकाच्या रकान्यात तुमचं नाव लिहिते, तेव्हा राज्य सरकार हिशेब तुमच्याकडे मागतं. तिचा न कापलेला वाटाही मग तुमच्याच गळ्यात पडू शकतो, वर दंड आणि व्याज.

गैरसमज : ‘ओळखीतल्या काकू व्हिजिटर व्हिसावर आल्यात, त्यांनाच थोडे पैसे देऊ.’
वस्तुस्थिती : व्हिजिटर व्हिसावर पगारी काम करता येत नाही. एच-४ व्हिसावर असलेल्या मैत्रिणीलाही ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतो. कागद तपासून आय-९ भरून ठेवणं हे तुमचं काम आहे. यात काकूंचा पुढचा व्हिसाही धोक्यात येतो.

गैरसमज : ‘कागदपत्रांची कटकट फार, आणि पदरात काहीच नाही.’
वस्तुस्थिती : बेअर्ड प्रकरणानंतर १९९४ मध्ये कायदा बदलला आणि काम सोपं झालं. मालकाचा नंबर, म्हणजे ईआयएन, ऑनलाइन फुकट मिळतो. केंद्राचा हिशेब वर्षातून एकदा शेड्यूल एचवर, तुमच्या नेहमीच्या रिटर्नसोबत जातो. तिमाहीत १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त पगार गेला तर केंद्रीय बेरोजगारी करही येतो. राज्याचा बेरोजगारी कर वेळेवर भरला असेल तर तो सहसा माणशी वर्षाला ४२ डॉलर पडतो. नॅनीचा इन्कम टॅक्स कापणं सक्तीचं नाही. दोघांनी ठरवलं तरच कापायचा. उलट पगार रीतसर असेल तर २०२५ साठी डिपेंडंट केअर एफएसएमध्ये ५,००० डॉलरपर्यंत करमुक्त ठेवता येतात. चाइल्ड केअर क्रेडिट मागायचं तर रिटर्नवर नॅनीचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहावाच लागतो, आणि रोखीत पगार घेणारी तो सहसा देत नाही.

राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा पहिला पगार देण्याआधी एकदा सीपीएला विचारा. आणि नॅनीशी दर ठरवतानाच सांगून टाका : पगार डब्ल्यू-२ वर मिळेल. वर्षभर रोख देऊन डिसेंबरात हे सांगितलं, तर ती नाराज होईल आणि तिचं बरोबरच असेल.