तंबाखूची गोळी आणि डॉ. खानोलकर



ऊस वरून हिरवागार दिसतो, पण कांडे उभे चिरले की आत लाल कूज सापडते. माणसाच्या दुखण्याचेही तसेच आहे. रोगट भागाचा तुकडा काढून, त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखायचा, हे विकृतिशास्त्राचे काम. आपल्या देशात हे शास्त्र रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव आधी घ्यावे लागते.

१८९५ साली जन्मलेले डॉक्टर विलायतेस गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाचे एम. डी. झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल व सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजांत प्राध्यापकी केली. १९४१ साली परळला टाटा रुग्णालय सुरू झाले, तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ साली ते निवर्तले.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या माणसाचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या खिशातल्या पुडीशी आहे. माणसाच्या सवयी आणि कर्करोग यांचे नाते डॉक्टरांनी शोधले. १९४५ साली त्यांनी व सहकाऱ्याने लिहिलेल्या निबंधात धोतराची गाठ कंबरेला वर्षानुवर्षे काचून होणारा कर्करोग नोंदविला, तसाच तंबाखू-चुन्याची गोळी ओठात धरल्याने होणाराही. गोळी जिथे मुरते, तिथेच रोग धरतो!

मढपासून ओतूरपर्यंत कुठल्याही पारावर बसा, रामराम झाला की लगेच पुडी पुढे येते. घरात बायाबापड्या मिश्री लावतात. तीही जाळलेली तंबाखूच. ऊसतोडीला आलेली पोरेसुद्धा भूक मारायला बार भरतात.

तेव्हा आरशात तोंड बघत चला. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यातले काही दिसले तर अंगावर काढू नका. सरकारी दवाखाना गाठा. तुकडा काढायचा म्हटले की आपली माणसे घाबरतात, पण तपासायला तुकडा काढल्याने रोग पसरतो ही निव्वळ अफवा आहे. वेळीच कळले तर तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो.

लाल कुजीचे बेट दिसले की आपण ते मुळासकट उपटतो, शेजाऱ्यालाही सांगतो. पुडीच्या बाबतीतही तेवढीच तत्परता दाखवू या.