दृढीकरणानंतरचा रविवार

वसईतल्या चर्चच्या आवारात रविवारी सकाळी धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, तेव्हा पोरांचा नुसता गलका असतो. बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला असतो. प्रथम ख्रिस्तप्रसाद प्राथमिक शाळेत असताना मिळतो आणि साधारण नववी-दहावीच्या वयात दृढीकरण होते. बिशप कपाळावर पवित्र तेल लावतात. श्रद्धा आईवडिलांकडून आली होती, ती आता स्वतःची झाली, असा या संस्काराचा अर्थ. पण त्याच सुमारास बोर्डाची परीक्षा येते, मग कॉलेज सुरू होते आणि धर्मशिक्षणाचे वर्ग संपतात. बऱ्याच मुलांच्या बाबतीत दृढीकरण म्हणजे शाळा सोडल्याचा दाखलाच ठरतो. धर्मग्रामातले, म्हणजे पॅरिशमधले, युवाकार्य खऱ्या अर्थाने सुरू होते ते इथून.

या वयातल्या मुलांना चर्चमध्ये टिकवायचे कसे? सहल काढा, क्रिकेटचे सामने भरवा, गाण्यांचा कार्यक्रम ठेवा, हे उत्तर सोपे आहे आणि त्यात वाईट काही नाही. सामन्याला गर्दी होतेच. पण सामना संपला की गर्दीही पांगते. मुले वर्षानुवर्षे येत राहतात ती जिथे त्यांच्यावाचून एखादे काम अडते तिथे.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी बेल्जियममधल्या एका धर्मगुरूंनी ओळखली होती. जोसेफ कार्डाइन यांचा जन्म 1882चा, घर कष्टकऱ्याचे. सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातून, सुटीत घरी आले तेव्हा शाळेतले सवंगडी कारखान्यात लागले होते आणि आता ते त्यांच्याशी बोलायलाही राजी नव्हते. चर्च श्रीमंतांचे, आपले नव्हे, असे त्या पोरांना वाटू लागले होते. ती सल कार्डाइन यांच्या मनातून कधी गेली नाही. 1912 साली ब्रसेल्सजवळच्या लाकेन पॅरिशमध्ये त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी शिवणकाम करणाऱ्या मुलींना आणि कामगार पोरांना एकत्र बसवले. त्यांनी प्रवचन दिले नाही, मुलांनाच प्रश्न विचारले. तुमच्या कामाच्या जागी काय चालते? ते ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी जुळते का? मग या आठवड्यात तुम्ही काय करणार? पाहा, पारखा, कृती करा, ही त्रिसूत्री इथे घडली. 1925 साली त्यातून तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभी राहिली आणि 1961 साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या सामाजिक परिपत्रकात ही पद्धत शिफारशीसह नमूद केली. भारतातल्या शाळा-कॉलेजांमधली ‘यंग कॅथलिक स्टुडंट्स’ ही चळवळही याच पद्धतीने चालते.

अशी बैठक दिसायला अगदी साधी असते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपल्यावर दहा-पंधरा जण हॉलमधल्या खुर्च्या गोल मांडून बसतात. बायबलमधला एक उतारा वाचला जातो. मग कुणीतरी गावातला प्रश्न काढतो. विहिरीचे पाणी मचूळ झाले, नाक्यावर पोरे दारूच्या नादी लागलीत, शेजारच्या आजींना दवाखान्यात नेणारे कुणी नाही. बैठक चालवणारे ॲनिमेटर ताई किंवा दादा बहुधा पंचविशीतलेच. ते उत्तर देत नाहीत, पुढचा प्रश्न विचारतात. फादर बाजूला बसून ऐकतात, आणि हे ऐकणे फार मोलाचे असते. बैठक संपताना कोण काय करणार हे वहीत नावानिशी लिहिले जाते. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या वहीपासून होते.

वसईला अशा पाहण्या-पारखण्याची मोठी परंपरा आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून पाणी उपसणाऱ्या टँकरांविरुद्ध आणि हिरवा पट्टा गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध लढा उभारला, तेव्हा सर्व धर्मांचे लोक त्यात उतरले. श्रद्धा आणि गावची विहीर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे इथल्या एका पिढीने रस्त्यावर उतरून पाहिले आहे.

डिसेंबरमध्ये बैठकीतली हीच मुले वेगळ्या रूपात भेटतात. नाताळचा गोठा उभा करायचा म्हणजे बांबू कुणाच्या वाडीतून आणायचा, पेंढा कुणाकडे मिळेल, दिव्यांची जोडणी कोण करणार, खर्चाचा हिशेब कोण ठेवणार, सगळे आलेच. रात्री जागून काम चालते. गोठ्यात बाळ येशूबरोबर पर्यावरण किंवा शेतीसारखा एखादा विषय मांडला जातो आणि शेजारच्या गावांतून लोक पाहायला येतात. ज्या मुलाने वर्षभर कुठल्या बैठकीत तोंड उघडलेले नसते, तो इथे वायरिंगचा कारभारी असतो.

मिस्सेतले शास्त्रवाचन हे आणखी एक जोखमीचे काम. आजची बरीच मुले इंग्रजी माध्यमातली, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी आणि मिस्सा मात्र प्रमाण मराठीत. अकरावीतली मुलगी वाचनपीठाशी उभी राहून ‘थेस्सलनीकाकरांस पत्र’ हे शब्द न अडखळता म्हणण्याचा सराव करते, तेव्हा ती उच्चारांबरोबर मजकूरही पहिल्यांदाच नीट वाचत असते. अशा सरावासाठी वेळ देणारा ज्येष्ठ वाचक प्रत्येक धर्मग्रामाला मिळायला हवा.

जागतिक पातळीवर पोप दुसरे जॉन पॉल यांनी जागतिक युवा दिनाची प्रथा घातली, आणि पहिला दिन 1986 साली साजरा झाला. 1995 साली मनिलात लाखोंचा सागर लोटला. 2023च्या लिस्बनमधल्या समारोपाच्या मिस्सेला सुमारे पंधरा लाख लोक होते. पुढचा मेळावा 2027 साली सोलमध्ये आहे. तरुण या विषयावर 2018 साली बिशपांची सिनॉड, म्हणजे धर्मसभा, भरली. पुढच्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी ‘ख्रिस्तुस विवित’ हे प्रबोधनपत्र काढले आणि त्यात तरुण हे युवाकार्याचे लाभार्थी नव्हेत, कर्ते आहेत, अशी भूमिका घेतली.

एका विषयाला बगल देता येत नाही. अनेक देशांत चर्चशी संबंधित व्यक्तींकडून मुलांवर अत्याचार झाले आणि ते दडपले गेले. त्यामुळे मुलांच्या शिबिराला किती जबाबदार प्रौढ सोबत आहेत, त्यात स्त्रिया आहेत का, तक्रार कुणाकडे करायची, हे पालकांनी विचारलेच पाहिजे. आपल्याकडे 2012चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला संरक्षण देतो आणि अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. हे नियम विश्वास कमी करत नाहीत, उलट त्यांच्यामुळेच आईवडील निर्धास्तपणे मुलीला शिबिराला पाठवतात.

सध्याची सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. विरार-चर्चगेट लोकलमध्ये रोजचे तीन-चार तास घालवणाऱ्या मुलाला रविवारी झोप हवी असते, कुणाची क्लासची टेस्ट असते, कुणी नोकरीसाठी आखातात गेलेला असतो. बैठक रविवारी सकाळीच हवी हा आग्रह सोडून शनिवारी रात्री बसणे, परगावी गेलेल्यांना फोनवरून जोडून घेणे, एवढे तरी करता येते. त्याहून अवघड आहे ते पॅरिश कौन्सिलमध्ये विशी-बाविशीतल्या मुलामुलींना खुर्ची देणे आणि त्यांनी सणाच्या खर्चावर प्रश्न विचारला, तर हिशेबाची वही त्यांच्यापुढे ठेवणे.