कड्याबाहेर ड्रोन काढताना

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ड्रोन दहा मीटर वर नेला आणि तसाच कड्याबाहेर काढला, तर स्क्रीनवर उंची १० मीटरच दिसत राहते. खालची जमीन मात्र एव्हाना शेकडो मीटर खोल गेलेली असते. बहुतेक ड्रोन उंची धरतात ती उड्डाणाच्या जागेपासून. ‘ड्रोन नियम २०२१’ धरतात ती खालच्या जमिनीपासून. ग्रीन झोनमध्ये परवानगीविना मुभा आहे १२० मीटरपर्यंतच. म्हणजे कडा ओलांडला, की स्क्रीनवर सगळं आलबेल असताना नियम मोडलेला असतो.

‘रिटर्न टू होम’ची कथाही तीच. सोंडेआड सिग्नल तुटला, की ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि नाकासमोर परत निघतो. ती उंची सोंडेपेक्षा कमी ठेवली असेल, तर वाटेत कातळ आहेच. सेन्सर असतात, पण धुक्यात आणि मावळतीला त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. सोपा उपाय म्हणजे ड्रोन नजरेआड जाऊच द्यायचा नाही. नियमही तेच सांगतो.

वाऱ्याचं गणित जास्त फसवं. कोकणातून वर येणारा वारा कड्यावर आपटून उसळतो, ड्रोनला उचलून धरतो. तोच वारा घाटमाथ्याकडून कोकणात वाहत असेल, तर कड्याखाली भोवरे होतात आणि पूर्ण जोर लावूनही ड्रोन खाली ओढला जातो. शिवाय जाताना पाठीवर असलेला वारा येताना तोंडावर येतो. निम्मी बॅटरी उरली म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचेच ड्रोन दरीत जातात.

कागदपत्रांचं थोडक्यात: ड्रोनची नोंदणी हवीच. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेखातर उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन शूटिंग करायचं, तर अडीचशे ग्रॅमच्या वर ते लागतं. मात्र ग्रीन झोनचा नकाशावरचा हिरवा रंग वनखात्यावर बंधनकारक नाही. हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा परवानगी त्यांचीही घ्यावी लागते.

आणि कपारीतली आग्या मोहोळं. ड्रोनमुळे ती उठली, तर ड्रोनवाला तंबूत शिरेल; दोरावर लटकलेल्या गिर्यारोहकाने कुठे जायचं? कोणत्या बाजूला मोहोळ आहे, हे पायथ्याच्या पाचनईत चहा घेतानाच विचारून घ्यावं.