माहिती चौकट : लाटा वाळूवरच्या, सर्वांसाठी

औंढा नागनाथहून गोव्याला जाणाऱ्याने सर्फिंगचा पहिला धडा मोरजी, आश्वे किंवा मांद्रे इथल्या वाळूच्या किनाऱ्यावर घ्यावा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. तळाचा उतार मंद असेल तर ती सावकाश कोसळते. त्यामुळे नवख्याला कमरेएवढ्या पाण्यात फेसाळ लाट मिळते, सरावलेल्याला त्यापलीकडची न फुटलेली. असे किनारे फक्त शिकाऊंचे, हा आक्षेप टिकत नाही: ऑलिंपिकमधलं पहिलं सर्फिंग २०२१ मध्ये जपानच्या त्सुरिगासाकी इथे, वाळूच्या किनाऱ्यावरच झालं. वाळूचे बांध मात्र सरकतात आणि समुद्राकडे खेचणारा प्रवाह जीवघेणा ठरतो. म्हणून पावसाळ्यात उतरूच नये, एरवीही जीवरक्षकाला विचारावं. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याला समांतर पोहावं.