उबेचे दान : विणण्याआधी विचारा

थंडी वाढू लागली की देवळाली प्रवरा आणि राहुरीच्या परिसरात दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. पहाटे हातपाय गारठू लागतात आणि उसाचे फड तुटू लागतात. ही नाशिकजवळची देवळाली नव्हे. ही प्रवरेच्या कालव्यावरची, उसाच्या पट्ट्यातली. बीड, पाथर्डी, शेवगावकडून आलेली ऊसतोड कुटुंबे इथे पाचटाच्या कोप्यांत उतरतात. उजाडण्याआधीच आई-वडील फडात जातात आणि तान्हे मूल बांधावर, गोधडीत गुंडाळून ठेवलेले असते. थंडीची लाट आली की किमान तापमान दहा अंशांच्या खाली जाते. गळीत हंगाम आणि थंडी, दोन्ही एकाच वेळी येतात.

याच दिवसांत अनेक घरांत कपाटातल्या सुया आणि लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. नातवंडांचे स्वेटर विणून झालेले असतात. मग कुणीतरी म्हणते, ‘आता गरजूंसाठी विणू या.’ महिला मंडळात, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर, भिशीच्या गटात ही कल्पना चटकन रुजते. गळपट्टा विणायला सर्वांत सोपा. सुलट-उलट टाके येत असले की झाले. त्यामुळे पहिले दान बहुतेक वेळा गळपट्ट्याचेच असते. पण ज्याला ते द्यायचे, त्याच्या शरीराला नेमके काय हवे आहे, हा प्रश्न आधी विचारला तर तेच कष्ट कितीतरी जास्त कामी येतात. काही वेळा तर धोकाही टळतो.

बाळाला थंडी का बाधते?

नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. त्याखाली गेले की ते ‘हायपोथर्मिया’, म्हणजे शरीर थंड पडणे. ३२ अंशांच्या खाली ही अवस्था अतिगंभीर मानली जाते. जन्मताच बाळ ओले असते. ते नीट पुसले नाही, तर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच त्याचे तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकते.

मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि त्यातून उष्णता तयार होते. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेभोवती, पाठीत आणि मूत्रपिंडाजवळ एक खास तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब मिळवते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळात ही चरबी फार कमी असते. ऊब टिकवण्यात शक्ती आणि प्राणवायू खर्च झाला की बाळ दूध ओढत नाही, रक्तातली साखर उतरते आणि श्वास मंदावतो. जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर हे सारे अधिक वेगाने घडते.

यात डोक्याचा वाटा मोठा असतो. मोठ्या माणसाच्या शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हा समज चुकीचा आहे. डोके शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण दहाव्या भागाइतकेच असते आणि त्याच प्रमाणात उष्णता गमावते. नवजात बाळात मात्र डोके सुमारे पाचव्या भागाइतके असते. आपल्याकडची कुंची याच अनुभवातून आली असावी. ती डोके, कान, मान आणि पाठ एकाच कपड्यात झाकते.

टोपी चांगली, पण पहिली ऊब आईची

टोपी बाहेर जाणारी उष्णता अडवते. ती स्वतः उष्णता देत नाही. आधीच गार पडलेल्या बाळाला नुसती टोपी घालून भागत नाही. त्याला उष्णता देणारे काहीतरी लागते आणि ते सर्वांत जवळ असते आईच्या छातीशी. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे आणि वरून दोघांना पांघरूण घालायचे. यालाच ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. भारत आणि आफ्रिकेतील चार देशांतील रुग्णालयांत सुमारे ३,२०० कमी वजनाच्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांपैकी १२ टक्के बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावली. नेहमीची काळजी घेतलेल्या गटात हे प्रमाण १५.७ टक्के होते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची शिफारस केली.

महाराष्ट्राने याबाबत जगाला आणखी एक गोष्ट दाखवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. घरोघरी जाऊन बाळाचे वजन करणे, तापमान मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि बाळाला उबदार ठेवणे ही त्यांची कामे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी आढळले. नुसत्या उबेने हे घडले नाही, पण ऊब त्यातला एक महत्त्वाचा धागा होता. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ या कामात आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात.

बाळ गार पडले आहे का, हे कुणालाही ओळखता येते. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचे पोट आणि मग तळपाय चाचपा. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार आणि पाय गार असतील, तर बाळाला थंडी वाजते आहे. लगेच छातीशी घ्या. पोटही गार असेल, बाळ दूध ओढत नसेल, मलूल झाले असेल किंवा त्याचे रडणे क्षीण झाले असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा आणि वाटेतही बाळ छातीशीच ठेवा. १०२ किंवा १०८ वर रुग्णवाहिका मागवता येते. कोपीत किंवा बंद खोलीत शेगडी पेटवून शेक देणे मात्र टाळा. तिच्या धुराने आणि विषारी वायूने बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवावर बेतू शकते.

गळपट्टा कोणाला, कोणाला नाही

तान्ह्या बाळाला आणि लहान मुलांना लांब गळपट्टा देऊ नये. तो गळ्याभोवती आवळू शकतो किंवा नाकातोंडावर येऊ शकतो. बाळाची टोपीही उबदार घरात झोपताना सतत ठेवू नये. बाळ जादा उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकते आणि अति गरम होणे हाही झोपेतला धोका आहे. कोपीत किंवा उघड्यावर थंडी असेल तेव्हा टोपी हवीच. ऊन वर आले की काढावी.

मोठ्यांसाठी गळपट्टा खरोखर उपयोगी आहे. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका कोरड्या, गार हवेने आकसतात. नाकातोंडावर गळपट्टा घेतला की आपल्याच उच्छ्वासाने आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर होते. पहाटे फडात जाणारे, दूध घालायला निघणारे, रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारे या सर्वांना त्याचा फायदा होतो. मात्र लोंबती टोके धोक्याची. मळणीयंत्र, रसवंतीचा चरक किंवा दुचाकीचे चाक यांत ओढणी अडकून झालेले अपघात आपल्याला नवे नाहीत. म्हणून कामकरी माणसासाठी विणताना गळपट्ट्याची दोन्ही टोके जोडून तो डोक्यातून घालता येईल असा गोल करावा. लोकरही निम्मी लागते.

कोणती लोकर?

कपडा ऊब देतो तो धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. म्हणून घट्ट विणीपेक्षा जरा फुगीर वीण अधिक गरम असते. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही. आपल्या भागात दख्खनी मेंढी आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्या सुधारणेचे काम चालते. तिची लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण बाळासाठी नाही. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड धाग्याची टोके त्वचेला टोचतात आणि दख्खनी लोकर त्याहून जाड असते.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बहुतेक धागा ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त, मऊ आणि धुवायला सोपा आहे, पण आगीजवळ वितळून कातडीला चिकटतो. चुलीसमोर बसणाऱ्या बाईसाठी किंवा मुलासाठी सुती किंवा खरी लोकर बरी. बाळाच्या टोपीला मऊ धागा वापरावा आणि गोंडे, मणी, बटणे लावू नयेत. हातमोज्यांच्या आतला सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळून रक्तपुरवठा तोडू शकतो. त्यामुळे हातमोजे नकोतच. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो. टोपी त्याहून किंचित कमी घेराची आणि ताणली जाणारी हवी.

सर्वांत दुर्लक्षित धोका कपाटात असतो. लोकरीचे कपडे ठेवताना आपण डांबराच्या गोळ्या घालतो. त्यातले नॅप्थलीन कपड्यात मुरते. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याच्या संपर्काने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून गोळ्यांमध्ये ठेवलेला कपडा बाळाला देऊच नये. घरातल्या बाळासाठीही हाच नियम.

विणणाऱ्याला काय मिळते?

लय पकडलेल्या सुयांनी मन शांत होते, हा अनेकींचा अनुभव आहे. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’त ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात, त्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगितले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०११ मधील अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या १,३२१ जणांपैकी वाचन, विणकामासारख्या कला आणि संगणक यांत रमणाऱ्यांमध्ये विसराळूपणाची सुरुवातीची अवस्था कमी आढळली. अर्थात, विणकामामुळे स्मृती टिकली की स्मृती शाबूत असणारेच विणत राहिले, हे अशा पाहणीतून ठरत नाही. विणकाम हे औषध नव्हे. पण आपले हात अजून कुणाच्या उपयोगी पडतात, ही जाणीव एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी लहान गोष्ट नाही. फक्त दर अर्ध्या तासाने सुया खाली ठेवा, मान आणि अंगठे मोकळे करा. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर काही दिवस थांबा.

गरज ओळखून विणलेले

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. १९६२ च्या चीन युद्धात हिमालयातल्या जवानांकडे गरम कपडे अपुरे होते. तेव्हा देशभरातील स्त्रियांनी स्वेटर, मोजे आणि मफलर विणून पाठवले. २०१६ मध्ये चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरची क्रोशाची गोधडी जोडून विश्वविक्रम केला. नंतर ती सोडवून पांघरुणे गरजूंना दिली. पुढे याच गटाने सुमारे १४ किलोमीटर लांबीचा गळपट्टाही विणला.

पण गरज ओळखून विणणे म्हणजे काय, हे मुंबईत पाहायला मिळते. स्तनाच्या कर्करोगासाठी स्तन काढावा लागलेल्या स्त्रीला कपड्यात भरायला सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, पण तो महाग, जड आणि आपल्या हवेत घामट. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांना स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर २०११ मध्ये विणलेल्या स्तनाचा पर्याय सापडला आणि त्यांनी त्याची चळवळ उभी केली. मुंबईत जयश्री रतन यांच्या ‘साईशा इंडिया फाउंडेशन’ने ‘निटेड नॉकर्स इंडिया’ या नावाने ते काम सुरू केले. स्वयंसेविका मऊ सुती धाग्याने ते विणतात, आत हलके भरण घालतात आणि रुग्णांना मोफत देतात. धुता येणारा, हलका आणि त्वचेला न बोचणारा. पदर सतत सावरत बसणाऱ्या बाईला त्याने पुन्हा चारचौघींत सहज वावरता येते.

दान देण्यापूर्वी

आपल्या गावात असे काही करायचे असेल, तर आधी आशाताईंशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेशी बोला. किती बाळे कमी वजनाची आहेत, टोप्या हव्यात की पांघरुणे, हे त्यांना ठाऊक असते. ऊसतोड कुटुंबांना द्यायचे असेल, तर हंगाम संपताना नव्हे, सुरू होताना द्या. प्रत्येक कपडा गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बंद करून पोहोचवा. आणि टोपी देताना आईला पोट-पायांची ती साधी परीक्षा दाखवा. टोपी दोन महिन्यांत लहान होईल, ही परीक्षा तिच्या पुढच्या बाळालाही उपयोगी पडेल.