उभ्या रेघेवरचा आकडा कशाचा?

मुलांनो, आलेख काढताना उभ्या अक्षावर तुम्ही १०, २०, ३० असे आकडे टाकता. पण दहा काय? वीस काय? तेच लिहायचं राहून जातं आणि आम्ही शिक्षक लाल पेनानं गुण कापतो. उगीच नाही कापत बरं का!

रोह्याचंच पाहा. गावाला लागून कुंडलिका वाहते. पावसाळ्यात आपल्या रायगड जिल्ह्यातल्या नद्यांची पातळी जाहीर होते ती मीटरमध्ये. पावसाची नोंद मात्र मिलिमीटरमध्ये. एक मीटर म्हणजे हजार मिलिमीटर! २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसानं मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद केली. ते पाणी साचूनच राहिलं असतं, तर तिसरीतल्या मुलाच्या छातीला लागलं असतं. आता एकाच अक्षावर हे ९४४ टाका आणि शेजारी नदीचे ५ मीटर म्हणून नुसता ५ टाका. पाऊस डोंगराएवढा, नदी मुंगीएवढी! आणि घरात पाणी शिरतं ते त्या मुंगीमुळेच.

म्हणून संगणकावर असा आलेख करताना दोन उभे अक्ष घ्यावेत. डावीकडच्या आकड्यांना पावसाचा थेंब आणि ‘मिमी’, उजवीकडच्यांना लाट आणि ‘मी’. आजी चष्मा विसरली तरी थेंब नि लाट तिला कळते.

हे जमवायचं कसं? तक्त्याच्या घरात ‘९४४ मिमी’ असं लिहू नका. संगणक त्याला शब्द समजतो आणि खांबच काढत नाही. तिथं निव्वळ आकडा ठेवायचा. संकेतस्थळावरचे आलेख काढणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये अक्षावर आकडा छापण्याआधी ‘याच्या पुढे-मागे काय जोडायचं’ हे सांगायची सोय असते. चिन्ह तिथं द्यायचं. % आकड्याच्या मागे, ₹ आकड्याच्या आधी. एक लाख हे १,००,००० असं आपल्या पद्धतीनं लिहायलाही तिथंच सांगता येतं, नाहीतर स्वल्पविराम परदेशी पद्धतीनं पडतात.

हे ₹ तसं तुमच्या ताईदादाच्या वयाचं. डी. उदयकुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकत्र करून ते रेखाटलं आणि १५ जुलै २०१० रोजी सरकारनं स्वीकारलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, ज्यांचं बालपण रोह्यात गेलं, त्यांनी मात्र ‘रु.’वरच काम भागवलं! जुन्या संगणकाच्या अक्षरसंचात ₹ नसतं, मग त्या जागी रिकामा चौकोन उमटतो. म्हणून आलेख दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून बघावा.

आता पेणला जाऊ. गणपतीच्या मूर्तींचा आलेख काढायचा, तर आकड्यांऐवजी मूर्तीचंच चित्र घ्यावंसं वाटणार. घ्या की! पण दुप्पट मूर्ती दाखवायला चित्र दुप्पट उंच करू नका. उंचीबरोबर रुंदीही दुप्पट होते आणि चित्र चौपट जागा अडवतं. बघणाऱ्याला वाटतं, मूर्ती चौपट झाल्या. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात ओटो नॉयराथ यांनी १९२०च्या दशकात यावर साधा नियम घातला: चित्र तेवढंच ठेवा, संख्या वाढवा. एक मूर्ती म्हणजे १०० मूर्ती, असं प्रमाण कोपऱ्यात लिहायचं. मग ३५० मूर्तींसाठी तीन अख्ख्या आणि एक अर्धी. गणपती अर्धा कापायचा नसेल, तर प्रमाण ५० चं घ्या. सात पूर्ण मूर्ती येतील.